किलवर म्हणजे काय?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रभर कोसळलेल्या पावसाने रुळांवर पाणी आले होते, निम्मे प्राध्यापक वाटेतच अडकले होते आणि आमचे पहिले तीन तास बुडाले होते. अशा वेळी सुज्ञ विद्यार्थी ग्रंथालयात जातात. आम्ही चौघे कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर मेंढीकोट मांडून बसलो. डाव ऐन रंगात आला होता, माझ्या हातात दोन मेंढ्या होत्या, आणि अचानक पाठीमागून आवाज आला, "काय, पत्ते कुटताय?"

मागे मराठीचे सर उभे होते. आम्ही उठलो. सरांनी टेबलावरची पाने गोळा केली, त्यातले एक माझ्यापुढे धरले आणि विचारले, "हे काय?"

"किलवरची नव्वी, सर."

"बदाम मला कळतो. चौकट कळते. किलवर म्हणजे काय?"

मी गप्प. बाकीचे तिघेही गप्प. माझा विषय मराठी वाङ्मय. लहानपणापासून मी हजारदा तरी 'किलवर' म्हटले असेल. पण त्याचा अर्थ काय, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. सरांनी कॅट खिशात टाकला आणि म्हणाले, "उत्तर आण आणि कॅट घेऊन जा. नुसतं तोंडी नको, लिहून आण."

दुसरा एखादा कॅट असता तर मी तो सरांना खुशाल अर्पण केला असता. वाण्याकडे दुसरा मिळतो. पण हा कॅट माझ्या बाबांचा होता आणि मी तो त्यांना न विचारता कपाटातून आणला होता. त्याच्या कडा वापरून वापरून मऊ झाल्या होत्या. चौकटची तिर्री फार पूर्वी हरवलेली. तिच्या जागी एका जोकरवर निळ्या शाईने तीन चौकटी काढलेल्या होत्या. या कॅटाची हकीकत पुढे येईलच. तूर्त एवढेच सांगते, की तो परत मिळवणे मला भाग होते. या लेखाचा उगम असा चोरीत आणि जप्तीत आहे.

चौकशीची सुरुवात घरापासून केली. आमचे घर मुलुंडला. मूळ गाव सावंतवाडीजवळ. घरात पत्त्यांचे खरे विद्यापीठ म्हणजे आजी. गणपतीतल्या जागरणांत तिने घालवलेले डाव मोजायला बसले तर अंक अपुरे पडतील. तिला मी विचारले, "आजी, किलवर म्हणजे काय गो?" ती म्हणाली, "किलवर म्हंजे किलवर." हे उत्तर सरांना चालण्यासारखे नव्हते. पण तिच्याशी बोलताना एक वेगळीच गोष्ट हाती लागली.

पत्त्यांचे काय काय करतात, असे मी तिला विचारत होते. आपण पत्ते पिसतो, मग वाटतो. आणि खेळणाऱ्यांवर जे रागावलेले असतात ते म्हणतात, पत्ते कुटतो. आजी हसली आणि म्हणाली, "कुटना, पिसना, वाटना ही सगळी कामां बायकांची, आणि खेळाक बसतत ते बापये!"

मी चकित झाले. खरेच की! हिंदीत पत्ते फेंटतात, आपण पिसतो. आणि हिंदीतच 'पीसना' म्हणजे दळणे. 'वाटणे'चे तर मराठीत दोन अर्थ आहेतच, पंक्तीत लाडू वाटणे आणि पाट्यावर मिरच्या वाटणे. कुटण्याविषयी सांगायलाच नको. हे तिन्ही शब्द जात्याजवळचे आणि पाट्याजवळचे. व्युत्पत्तीच्या तराजूत आजीचा विनोद कितपत टिकेल ते सरांनी ठरवावे. पण या क्रियापदांत हात आहेत, तळव्यांची हालचाल आहे, हे मला त्या दिवशी प्रथम जाणवले. हा मुद्दा पुढे लागणार आहे म्हणून येथे नोंदवून ठेवते.

आता नामांकडे वळू. ज्या वस्तूने खेळतो तिला आपण 'पत्ता' म्हणतो आणि खेळताना 'पान' म्हणतो. दोन्हींचा अर्थ एकच, झाडाचे पान. झाडाचे, पुस्तकाचे, जेवणाचे, विड्याचे आणि खेळाचे अशी सगळी पाने मराठीने एकाच देठाला लावली आहेत. चार रंगांची नावे मात्र चार दिशांनी आलेली. 'बदाम' फारसीतून आला. 'चौकट' अस्सल घरची. चार लाकडे जोडली की चौकट होते. 'इस्पिक' बाहेरचा दिसतो, कारण शब्दाच्या आरंभी 'स्प', 'स्क', 'स्ट' आले की आपली जीभ त्यांच्यापुढे इकाराचा उंबरा घालते. खेड्यातली जुनी माणसे 'इस्कूल' आणि 'इस्टेशन' म्हणतात ते असेच. आणि 'किलवर'?

त्याचे उत्तर मला शब्दकोशात मिळण्याआधी वर्गातल्या एका मल्याळी मित्राकडे मिळाले. कँटीनमधल्या चौघांतलाच तो एक. तो म्हणाला, "आमच्या घरी ह्याला क्लावर म्हणतात." मुलुंडच्या मराठी घरात किलवर आणि केरळच्या घरात क्लावर! दोघांचा मामा एकच असला पाहिजे. तो मामा निघाला हॉलंडचा. डच भाषेत या रंगाला 'क्लाव्हर' म्हणतात, आणि त्याचा अर्थ तीन पानांचे गवत, इंग्रजांचे क्लोव्हर. पत्त्यावरचे चित्र पाहा. तीन गोल पाने आणि खाली देठ. म्हणजे सरांच्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात 'गवत' असे आहे!

डच व्यापारी केवळ मसाल्याची पोती घेऊन आले नाहीत, फुरसतीच्या वेळचे पत्तेही घेऊन आले. कोचीन त्यांच्या ताब्यात १६६३ साली आले. बंगालमध्ये चुचुड्याला त्यांची वखार होती, आणि बंगाली भाषेत आजही इस्पिकला इस्कापन, बदामाला हरतन, चौकटीला रुइतन आणि हुकमाला तुरुप म्हणतात. हे चारही शब्द डच आहेत. आणि लांब कशाला जायचे? आमच्या गावापासून जवळ, वेंगुर्ल्याला, सतराव्या शतकातल्या डच वखारीचे पडके अवशेष अजून उभे आहेत. लहानपणी त्या भिंतींजवळून मी कितीदा तरी गेले आहे. वखारीतला माल गेला, व्यापारी गेले, छप्पर गेले. त्यांच्या भाषेतले एक गवत मात्र आपल्या पत्त्यांत अजून हिरवे आहे.

इंग्रजांची गंमत याहून वेगळी. त्यांच्या पत्त्यांवरची चित्रे फ्रेंच आणि त्यांतल्या काही रंगांची नावे त्याहून जुन्या स्पॅनिश पत्त्यांवरची. त्यामुळे चित्र तीन पानांच्या गवताचे आणि नाव 'क्लब', म्हणजे सोटा! 'स्पेड' म्हणजेही फावडे नव्हे. स्पॅनिश 'एस्पादा' म्हणजे तलवार, तिचे ते रूप. तेव्हा अर्थ न कळता शब्द वापरण्याचा गुन्हा आम्ही चौघांनीच केलेला नाही, हे सरांच्या नजरेस आणून देते.

एकाच आकृतीत कोणाला काय दिसते हे पाहणे मोठे मौजेचे आहे. ज्या लाल आकृतीत इंग्रजाला हृदय दिसते, तीत मराठी माणसाला बदाम दिसतो आणि हिंदी भाषकाला विड्याचे पान. आपली चौकट ही हिंदीत ईंट, म्हणजे वीट; फ्रेंचांनाही तेथे फरशीच दिसली. किलवरला हिंदीत चिडी म्हणतात, म्हणजे त्या गवतावर एक पाखरू येऊन बसले. गुजरातीत काळी, लाल, चरकट आणि फल्ली. आणि आपल्या इस्पिकला हिंदीत म्हणतात 'हुकुम'. या शेवटच्या शब्दापाशी जरा थांबायला हवे, कारण याच शब्दावरून माझ्या बाबांच्या डब्यात एकदा हातघाईची वेळ आली होती.

बाबा वीस वर्षे ठाणे लोकलने फोर्टला कचेरीत गेले. ठाण्याला गाडी सुटते आणि मुलुंडला लगेच येते, त्यामुळे बसायला जागा मिळण्याची थोडी आशा असे. भांडुपचे एक काका चढत. जौनपूरचे एक चाचा ठाण्याहून जागा धरून येत. चौथे काका घाटकोपरचे, गुजराती. ते येईपर्यंत तिघे पाने पिसत बसत. घाटकोपरला ते आत घुसले की चौघांच्या गुडघ्यांवर एक ब्रीफकेस आडवी पडे आणि डाव सुरू होई. खेळ मेंढीकोट.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही अशा वाचकांसाठी थोडक्यात सांगते. चार भिडू, समोरासमोरचे दोघे एका बाजूचे. प्रत्येकाला तेरा पाने. दश्शीला या खेळात 'मेंढी' म्हणतात. ज्याची उतारी त्याने पान टाकायचे, बाकीच्यांनी त्याच रंगाचे पान द्यायचे. सर्वांत मोठे पान हात नेते. रंग नसेल तर हुकूम मारता येतो. हुकूम 'बंद' असतो किंवा 'कट' असतो. एकाने आधीच पान पालथे ठेवून दिले तर बंद हुकूम. खेळता खेळता प्रथम ज्याच्याजवळ रंग नसेल त्याने टाकलेले पान हुकूम ठरले तर तो कट हुकूम. चारांपैकी तीन मेंढ्या ज्यांनी ओढल्या त्यांची जीत, आणि चारही ओढल्या तर समोरच्यांवर कोट चढतो. कोट चढलेल्या माणसाचा दिवस कचेरीत कसा जातो, ते बाबांना विचारावे.

तर चाचा या मंडळीत नवे होते त्या दिवसांतली ही गोष्ट. भांडुपच्या काकांनी सांगितले, "आज का हुकूम चौकट." शेवटच्या हातात घाटकोपरच्या काकांनी बदामाची मेंढी टाकली. चाचांनी तिच्यावर इस्पिकची पंजी ठेवली आणि हात उचलला.

"अहो, हात कुठे नेता?"

"हुकुम मारा है!"

"हा हुकूम नाही, इस्पिक आहे!"

"वही तो! हुकुम!"

मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांत हुकूम म्हणजे त्या डावापुरता सर्वश्रेष्ठ रंग. मग तो कोणताही असो. हिंदीत हुकुम हे एका रंगाचे कायमचे नाव, आणि श्रेष्ठ रंगाला तेथे तुरुप म्हणतात. 'हुकूम चौकट' ही चाचांच्या कानी दोन रंगांची नावे पडली होती. दोन्ही बाजू खऱ्या होत्या आणि दोन्ही बाजूंना समोरचा लबाड वाटत होता. बाबा सांगतात, कुर्ल्यापर्यंत भांडण झाले आणि दादरपासून पुढे कोणी कोणाशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ब्रीफकेस आडवी पडली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी घाटकोपरच्या काकांनी तह घडवून आणला. इस्पिकला सर्वांनी 'काळी' म्हणायचे, हे गुजरातीचे. लाल आकृतीला 'बदाम'; हे मराठीचे. किलवरला 'चिडी', हे हिंदीचे. चौकट आणि चरकट कानाला जवळजवळ सारखेच, तेव्हा चौकटीवर वाद नव्हता. आणि हुकूम म्हणजे श्रेष्ठ रंग. या बाबतीत दोन भाषा एका बाजूला असल्यामुळे चाचांनी एक पाऊल मागे घेतले. प्रत्येकाने काही दिले आणि प्रत्येकाने काही घेतले. पुढे कितीतरी वर्षे तो तह मोडला नाही. आमच्या घरी बाबा अजून किलवरला चिडी म्हणतात आणि आजी अजून त्यांना सुधारते.

भाषाशास्त्राच्या पुस्तकात 'शब्दांची देवाणघेवाण' असे एक प्रकरण असते. ते मी परीक्षेसाठी पाठ केले आहे. पण देवाणघेवाण म्हणजे काय ते मला या ब्रीफकेसवर कळले. शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आपणहून जात नाहीत. समोरासमोर बसलेल्या माणसांना खेळ पुढे चालवायचा असतो, म्हणून ते एकमेकांचे शब्द घेतात. वेंगुर्ल्याच्या किंवा कोचीनच्या डच माणसासमोर पाने धरून बसलेला आपला कोणी पूर्वज असाच असणार. त्याला गवताशी कर्तव्य नव्हते. त्याला हात जिंकायचा होता.

जरा मागे गेले तर आपल्याकडे पत्ते डचांच्याही आधी होते. त्यांना गंजिफा म्हणत. १५२७ साली बाबराने सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अकबराच्या पत्त्यांचे वर्णन अबुल फजलने आईन-इ-अकबरीत केले आहे. फारसी धाटणीच्या गंजिफ्यात आठ रंग आणि शहाण्णव पाने; त्यांतल्या एका रंगाचे नाव 'गुलाम'. आपल्या कॅटातला गुलाम हे नाव असे जुन्या घराण्यातले आहे.

महाराष्ट्रात हा खेळ दशावतारी झाला. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा अजून हाताने रंगवल्या जातात. गेल्या मे महिन्यात गावी गेले असता त्या पाहून आले. पाने गोल, पुरीएवढी, लाखेने चकाकणारी. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार हे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एकपासून दहापर्यंतची पाने. एकूण एकशे वीस. तिघांनी खेळायचे, प्रत्येकाला चाळीस. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. पाच अवतारांत दश्शी मोठी आणि एक्का लहान; उरलेल्या पाचांत एक्का मोठा आणि दश्शी लहान. आणि सर्वांत सुंदर नियम असा, की दिवसा खेळ रामापासून सुरू करायचा आणि रात्री कृष्णापासून. एकाचा जन्म भर दुपारचा, दुसऱ्याचा मध्यरात्रीचा! मुंबईत परतल्यावर आजीला हे सर्व सांगितले. तिने एकच प्रश्न विचारला, "राणी खंय?" गंजिफ्यात राणी नाही, राजाखालोखाल प्रधान. राणी आपल्या हातात आली ती युरोपातून छापून आलेल्या पत्त्यांबरोबर. आजीने यावर केलेली टिप्पणी वार्षिकात छापण्याजोगी नाही.

अंकांच्या पानांची नावेही पाहण्यासारखी आहेत. एक्का, दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी. एक्का तेवढा पुरुष. बाकी सगळ्या स्त्रिया. व्यवहारात आपण 'सात', 'आठ' म्हणतो, पण पत्त्यांत 'सत्ती', 'अठ्ठी'. प्राकृताच्या तासाला आपण शिकतो, की 'सप्त'चे 'सत्त' झाले आणि 'सत्त'चे 'सात'. 'अष्ट'चे 'अट्ठ' आणि मग 'आठ'. हालाच्या 'गाहा सत्तसई'च्या नावात जो 'सत्त' आहे, त्याचे जोडाक्षर आपण व्यवहारात सोडून दिले. पत्त्यांत मात्र ते अजून घुमते. बदाम-सात खेळताना आजी "सत्ती लाव गो!" म्हणून ओरडते तेव्हा प्राकृताची एक ओळखीची थाप कानावर पडते, हे तिला सांगून उपयोग नाही, सत्ती लावणे अधिक महत्त्वाचे.

असे हे शब्द नुसते पत्त्यांतच राहिले असते तर त्यांच्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण ते डावातून उठून रस्त्यावर आले. निवडणुकीत एखाद्याचा 'पत्ता कट' होतो. पक्षाजवळ 'हुकमाचा एक्का' असतो. कोणी 'आपले पत्ते उघडे' करत नाही. मोठ्या मोठ्या योजना 'पत्त्यांच्या बंगल्या'सारख्या कोसळतात. आणि 'भिडू' पाहा! खेळातला आपल्या बाजूचा गडी तो भिडू. मुंबईने त्याला गल्लीत आणले, चित्रपटांनी देशभर फिरवले. आज ज्याला मराठीचा गंध नाही असा माणूसही 'क्या भिडू' म्हणतो. पानांनी हात जिंकले असतील, पण या एका शब्दाने मराठीसाठी मुलूख जिंकला.

इतके असूनही पत्ते हा शब्द उच्चारला की घरातली मोठी माणसे कपाळाला आठ्या घालतात, हेही खरे. त्यालाही कारण आहे. पत्त्यांनी संसार धुळीला मिळवले आहेत. मुंबई इलाख्यात जुगाराविरुद्धचा कायदा १८८७ सालीच आला. रमीत कौशल्याचा भाग मोठा आहे, तीन पत्तीसारखा तो निव्वळ नशिबाचा खेळ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटले. पण पैसा लागला की कौशल्याचीही नशा होते. मोबाइलवरच्या रमीत किती घरे गेली ते आपण वर्तमानपत्रांत वाचत होतो. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. सरांनी कँटीनमध्ये 'कुटताय' हा शब्द वापरला त्यामागे हा सारा इतिहास होता, हे मी मान्य करते.

पण त्या मोबाइलवरच्या पत्त्यांविषयी भाषेच्या विद्यार्थिनीला एक वेगळीच गोष्ट सांगावीशी वाटते. मी एका मैत्रिणीच्या मोबाइलवर बिनपैशाची रमी खेळून पाहिली. डील, ड्रॉप, सेट, सिक्वेन्स, डिक्लेअर. इस्पिक नाही, किलवर नाही. पण ते एक वेळ सोडा, नवे शब्द येतात आणि जुने जातात, डचांचेही असेच आले होते. मला चुकचुकले ते दुसरेच. तेथे कोणी पिसत नाही. कोणी वाटत नाही. पाने आपोआप पुढ्यात येऊन पडतात. "नीट पीस", "काट दे", "वाटताना पान दिसलं", "उतारी कोणाची?", "रडीचा डाव नको" ही सारी वाक्येच संपली, कारण ती ज्याला म्हणायची तो समोर नाही. आजीची तीन क्रियापदे येथे आठवतात. नाव पानावर छापता येते. क्रियापदाला हात लागतात. हात गेले की प्रथम क्रियापदे जातात आणि नामे मागे पोरकी राहतात.

आता त्या कॅटाची हकीकत. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या आणि बाबांचा डाव मोडला. चाचा गावी गेले ते परत आलेच नाहीत, जौनपूरलाच राहिले. भांडुपच्या काकांची नोकरी गेली. गाड्या सुरू झाल्या तेव्हा बाबा निवृत्तीला आले होते. कॅट ब्रीफकेसमधून कपाटात गेला. चौकटची हरवलेली तिर्री जोकरवर काढली होती ती घाटकोपरच्या काकांनी, चालत्या गाडीत, बॉलपेनने. म्हणून तिसरी चौकट थोडी तिरकी झाली आहे. गाडीने तेव्हा ब्रेक मारला होता म्हणे. बाबांनी कॅट पुन्हा उघडला नाही, आणि टाकूनही दिला नाही. तो सरांच्या खिशात गेल्याचे मला त्यांना सांगावे लागले तेव्हा ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "तिर्री आहे ना त्यात?"

हे सर्व मी सरांना लिहून दिले. सरांनी ते वाचले, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि ड्रॉवरमधून कॅट काढून माझ्यापुढे ठेवला. मी पाने मोजली. बावन्न भरली. सर म्हणाले, "मोजतेस काय? मी एक पान ठेवून घेईन असं वाटलं?" मग थोडे थांबून म्हणाले, "तुझ्या वडिलांना भिडू किती कमी पडतात?"

भिडू एकच कमी पडत होता. बाबांनी फोन केले. दिवाळीनंतरच्या रविवारी घाटकोपरचे काका आणि भांडुपचे काका आमच्या घरी आले. मध्ये जेवणाचे टेबल होते, पण बाबांनी आतून ती जुनी ब्रीफकेस आणून त्यावर ठेवली. चाचांच्या जागेवर मी बसले. जौनपूरला फोन लावून तो टेबलावर उभा केला होता. चाचा तिकडून डाव पाहत होते आणि सर्वांना सल्ले देत होते. आजीने पाने पिसली. मी वाटली. पहिल्याच डावात माझ्या तोंडून 'किलवर' गेले, आणि तिघांनी आणि फोनने एका आवाजात मला सुधारले, "चिडी!"

(तृतीय वर्ष कला)